साडेनऊ फुटांच्या छताखाली व्हिक्टोरियन दिवाणखाना

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण बडोद्यातल्या गोत्री भागात नवा फ्लॅट घेतला आहे, हॉल 11 बाय 17 फुटांचा असून छत साडेनऊ फुटांवर आहे, आणि तो व्हिक्टोरियन धाटणीने, पण आजच्या राहणीला साजेसा सजवावा अशी आपली इच्छा आहे. ठेकेदाराने चारही भिंतींना गडद फुलांचा वॉलपेपर, छताला सोनेरी रंग दिलेले पीओपीचे नक्षीकाम, मधोमध तीन थरांचे झुंबर आणि बटणे टाचलेल्या पाठीचा सात जणांचा सोफा असा आराखडा दिला आहे. सासूबाईंचा संखेड्याचा, लाखेच्या नक्षीचा लाकडी झोपाळा या शैलीत बसत नाही, म्हणून तो गॅलरीत न्यावा, असेही त्याने सुचवले आहे. यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, हे आपण विचारले आहे.

मी गेली 22 वर्षे बडोद्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करते. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांपासून वासणा रोडवरच्या नव्या इमारतींपर्यंत बरीच घरे हाताखालून गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते की आपल्यापुढचा खरा प्रश्न वस्तूंच्या निवडीच्या आधी सुरू होतो. ही शैली उंच छताच्या, थंड हवेच्या आणि मंद उजेडाच्या घरांत जन्मली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत बैठकीच्या खोलीचे छत साधारण 10 ते 12 फुटांवर असे, शेकोटीभोवती खुर्च्या मांडलेल्या असत आणि संध्याकाळी तेलाचा किंवा गॅसचा दिवा जळत असे. आपल्याकडे छत खाली आहे, मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो, पंख्याशिवाय एक तास निघत नाही आणि खिडकी उघडी राहिली तर दुपारपर्यंत टेबलावर बोट फिरवून नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. या परिस्थितीत त्या शैलीचे काय तग धरेल, हे आधी ठरवायला हवे; खरेदीची यादी त्यानंतर आपोआप लहान होते.

काही गोष्टी तुमच्या घराच्या स्थितीवर अवलंबून आहेत आणि प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही. हॉलची मोठी खिडकी कोणत्या दिशेला आहे, कोणती भिंत इमारतीची बाहेरची आहे, त्या भिंतीत ओल येते का, भिंती विटांच्या आहेत की हलक्या ब्लॉकच्या, छतातून तुळई खाली आली आहे का, हे कळल्याशिवाय रंगाबद्दल अखेरचा शब्द देता येणार नाही. जिथे उत्तर या गोष्टींवर बदलते, तिथे मी तसे सांगत जाईन.

प्रथम शैलीविषयी थोडे. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द 1837 ते 1901 अशी जवळजवळ 64 वर्षांची होती आणि या काळात इंग्लंडमधील घरांची रुची अनेकदा बदलली, त्यामुळे ‘व्हिक्टोरियन’ नावाची एकच ठरीव सजावट नाही. बडोद्यात हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लक्ष्मी विलास राजवाडा येतो. सयाजीराव महाराजांचा हा राजवाडा 1890 साली पूर्ण झाला, म्हणजे काळ तोच आहे. परंतु मेजर चार्ल्स मँट यांनी आरंभलेली आणि त्यांच्या पश्चात रॉबर्ट चिझम यांनी पूर्णत्वास नेलेली ती इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय, इस्लामी आणि युरोपीय धाटणींच्या मिश्रणाची वास्तू आहे आणि तिचे माप दरबाराचे आहे. आपल्याला हवी आहे ती मध्यमवर्गीय कुटुंबाची बैठकीची खोली. यंत्रांवर बनलेले कापड, कागद आणि फर्निचर स्वस्त झाल्यावर त्या काळातील कुटुंबांनी या खोल्या गच्च भरल्या. त्या गर्दीला कंटाळून विल्यम मॉरिस यांच्यासारख्या कारागिरांनी 1861 साली आपली कंपनी उभी केली आणि हाताच्या कामाकडे, झाडापानांच्या नक्षीकडे लोकांचे लक्ष वळवले. आजच्या घरासाठी मला हा दुसरा प्रवाह जवळचा वाटतो, आणि माझा पुढचा सल्ला त्याच बाजूने झुकलेला आहे.

आता भिंतीकडे येऊ, कारण माझ्या मते या शैलीचा सगळा थाट भिंतीच्या विभागणीत आहे. त्या घरांत भिंतीचे आडवे तीन भाग असत. खालच्या भागावर कमरेच्या उंचीला एक लाकडी पट्टी असे, जिला डॅडो रेल किंवा थोडक्यात डॅडो म्हणतात, आणि तिचा उपयोग असा की खुर्चीची पाठ भिंतीला लागून गिलावा खरवडला जाऊ नये. वर दाराच्या माथ्याच्या आसपास दुसरी पट्टी असे. तिच्यावर आकडे अडकवून चित्रे टांगत, म्हणजे गिलाव्यात खिळे ठोकावे लागत नसत. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे कॉर्निस, म्हणजे कडेची उठावाची पट्टी. यातली प्रत्येक गोष्ट कामाची होती, म्हणून ती डोळ्यांना आजही पटते. ठेकेदाराच्या आराखड्यात नक्षी आहे, परंतु या रेषा नाहीत, आणि रेषांशिवाय नक्षी लावली की हॉल लग्नाच्या कार्यालयासारखा दिसू लागतो.

मात्र साडेनऊ फुटांच्या भिंतीवर तिन्ही रेषा घेऊ नयेत. उंची कमी असताना तीन आडवे पट्टे पडले की भिंत आणखी ठेंगणी दिसते. मी अशा घरांत डॅडो आणि एक बारीक कॉर्निस एवढेच घेते. डॅडोची पट्टी जमिनीपासून 32 ते 34 इंचांवर बसवावी. 36 इंच हे पुस्तकी माप उंच खोल्यांना शोभते. आपल्याकडे ती पट्टी भिंतीच्या मध्याकडे सरकल्यासारखी दिसते आणि सोफ्याच्या पाठीशी तिचा मेळही बसत नाही. तळाला फरशीची 4 इंची पट्टी आधीच असेल, तिच्यावर 2 इंचांची साधी मोल्डिंग चढवून ती 6 इंचांची करावी. कॉर्निस 3 इंचांपेक्षा मोठी नको आणि तिला भिंतीचाच रंग द्यावा. भिंतीचा रंग थेट छताला भिडला की नजर मध्ये अडत नाही आणि उंची आहे त्याहून जास्त भासते. डॅडोच्या वरच्या भागात बारीक मोल्डिंगच्या उभ्या चौकटी काढाव्यात, रुंदीपेक्षा उंची स्पष्ट जास्त असलेल्या. चित्रे टांगायची पट्टी हवीच असेल तर ती एकाच भिंतीवर, दाराच्या माथ्याच्या रेषेत घ्यावी. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर ही पट्टी खरोखर उपयोगी पडते, कारण त्या ब्लॉकमध्ये साधा खिळा टिकत नाही. पट्टी एकदा योग्य अँकरने घट्ट बसली की पुढे चित्रे हवी तशी हलवता येतात.

चौकटी आखण्यापूर्वी भिंतीवर काय काय आहे ते पाहावे. आपल्याकडे दिव्यांचे स्विचबोर्ड बहुधा 4 फुटांच्या आसपास असतात, म्हणजे ते डॅडोच्या वर येतात आणि चौकटीची उभी पट्टी नेमकी त्यांच्यावर जाते. एसीचे युनिट चौकटीच्या माथ्याला कापते. टीव्हीची मोठी काळी काच तर सगळी मांडणीच बदलून टाकते. यावर माझा उपाय असा आहे की आधी कागदी चिकटपट्टीने पूर्ण आकाराच्या चौकटी भिंतीवर आखाव्यात आणि चार दिवस तशाच ठेवाव्यात. स्विचबोर्ड चौकटीच्या पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर जाईल अशी रुंदी बदलावी. टीव्हीसाठी मधली चौकट रुंद घ्यावी आणि ती भिंत हॉलमधील सर्वांत गडद रंगाची ठेवावी, म्हणजे बंद टीव्ही त्या रंगात मिसळून जातो.

पट्ट्या कशाच्या घ्याव्यात हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, परंतु मी इथेच ठेच खाल्ली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीला कारेलीबागेतील एका घरात मी पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर एमडीएफच्या पट्ट्या लावल्या होत्या. काम मे महिन्यात झाले आणि फारच सुंदर दिसत होते. भाद्रपदात त्या काकूंचा फोन आला. जाऊन पाहिले तर पट्ट्यांच्या कडा चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या फुगल्या होत्या, सांध्यांत करंगळी जाईल एवढी फट पडली होती आणि खालच्या कोपऱ्यात रंगाखाली काळपट बुरशी पसरली होती. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी; त्याची कापलेली कड उघडी राहिली की ती ओल शोषत राहते. ती सगळी भिंत मला स्वखर्चाने काढून पुन्हा करावी लागली. तेव्हापासून बाहेरच्या भिंतीवर मी पाण्याने न फुगणाऱ्या पॉलियुरेथेन किंवा पॉलिस्टायरिनच्या पट्ट्या वापरते, आणि रंग चढल्यावर त्या लाकडाच्या नाहीत हे हात लावल्याशिवाय कळत नाही. आतल्या कोरड्या भिंतीवर सागवानाची पट्टी परवडत असेल तर अवश्य घ्यावी. ओल तपासण्यासाठी एक फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावा; भिंतीच्या बाजूने त्यावर दमटपणा जमला तर आधी ओलीचा बंदोबस्त, नंतर सजावट. ही परीक्षा पावसाळ्यात घेतली तर जास्त भरवशाची.

रंगाच्या बाबतीत आपल्या ठेकेदाराचे अर्धे बरोबर आहे. गडद रंग या शैलीचा प्राण आहे. बाटलीसारखा हिरवा, वाइनसारखा लाल, शाईसारखा निळा हे रंग मंद उजेडात उबदार दिसतात. परंतु चारही भिंती गडद केल्या तर 11 फुटांची रुंदी आवळल्यासारखी वाटेल. खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारचे ऊन लाल रंगाला फार भडक करते, तेव्हा हिरवा किंवा राखाडी छटेचा निळा घ्यावा. खिडकी उत्तरेला असेल तर निळा थंड आणि उदास दिसतो, तिथे तांबूस किंवा मोहरी छटेचे रंग उजळतात. मी साधारणपणे टीव्हीची भिंत आणि इतर भिंतींचा डॅडोखालचा भाग गडद ठेवते आणि वरच्या भागाला त्याच रंगाची फिकट, किंचित मळकट छटा देते. शुभ्र पांढरा या रंगांशेजारी खडूसारखा दिसतो, त्याऐवजी साईसारखा पांढरा घ्यावा. रंग चकचकीत नसावा, कारण चकाकीत पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर रंग देऊन तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहावा. दुकानातल्या बोटभर नमुन्यावरून कधीही ठरवू नये.

वॉलपेपर बाहेरच्या भिंतीवर मुळीच लावू नये, कारण पावसाळ्यात त्याच्या मागे बुरशी धरते आणि ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आतल्या एका भिंतीवर, डॅडोच्या वर, मोठ्या पानांची नक्षी असलेला कागद शोभेल. लहान फुलांची दाट नक्षी दुरून मळल्यासारखी दिसते. हिरव्या कागदाबद्दल एक जुनी भीती अधूनमधून ऐकू येते, तिचाही खुलासा करते: 1775 साली कार्ल शेले यांनी शोधलेल्या हिरव्या रंगात आर्सेनिक हे विष होते आणि एकोणिसाव्या शतकात तो भिंतीच्या कागदांत सर्रास वापरला जाई. आजच्या कागदांत तो नसतो, त्यामुळे हिरवा रंग निःशंक घ्यावा.

झुंबर मात्र माझ्या मते गाळावे, आणि त्याचे कारण पंख्यात आहे. माणसे जिथून चालतात तिथे झुंबराचे खालचे टोक जमिनीपासून निदान 7 फुटांवर हवे. साडेनऊ फुटांत याचा अर्थ झुंबराला साखळीसकट अडीच फूट मिळतात, आणि तीन थरांचे झुंबर एवढ्यात मावत नाही. हॉल 17 फूट लांब असल्याने आपल्याला दोन पंखे लागतील. ते दोन्ही टोकांपासून सव्वाचार फुटांवर बसवले आणि पंख्याचा व्यास 4 फूट धरला, तर मध्यबिंदूपासून पात्याचे टोक सव्वादोन फुटांवर येते. दोन फूट व्यासाचे झुंबर मध्ये टांगले तर त्याच्या आणि पात्याच्या मध्ये जेमतेम सव्वा फूट उरतो. वाऱ्याने लोलक दिवसभर किणकिणत राहतील, आणि दिवे पात्यांच्या वर गेले तर उजेड सतत लुकलुकेल. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे मी पाहिली आहेत. त्यांच्या भव्यतेचा अर्धा वाटा त्यांच्या खाली आणि भोवती असलेल्या मोकळ्या जागेचा आहे. ती जागा आपल्याकडे नाही आणि तिचे सोंग आणता येत नाही.

झुंबराचे पैसे भिंतीवरच्या दिव्यांत घालावेत. पितळी दांडीचे आणि दुधी काचेचे चार दिवे, जमिनीपासून साडेपाच फुटांवर, जोडीजोडीने चौकटींच्या मध्ये लावावेत, आणि कोपऱ्यात कापडी टोपीचा एक उभा दिवा ठेवावा. दिवे 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचे घ्यावेत. 6500 केल्विनच्या पांढऱ्या उजेडात हिरवा रंग करडा आणि सागवान निर्जीव दिसते, आणि मग दोष रंगाला दिला जातो. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर डिमरसोबत चालणारेच एलईडी मागावेत. पंखे लपवण्याची गरज नाही. गडद तपकिरी किंवा जुन्या पितळेच्या छटेचे साधे पंखे घेऊन त्यांच्या मुळाशी छताला पीओपीचे एकेक गोल फूल द्यावे. छतावर पीओपीचे एवढेच काम पुरे आहे, आणि त्याला सोनेरी रंग नको.

आता झोपाळा. ताई, तो गॅलरीत नेऊ नका, ही माझी मनापासून विनंती आहे. संखेडा आपल्यापासून जवळच आहे. तिथले खरादी सागवानाचे खांब खरादावर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतात. सोनेरी दिसणारी नक्षी कथलाने काढलेली असते आणि तिच्यावर लाखेचा थर चढला की ती सोन्यासारखी झळकते. खरादावर काढलेले गोल, कमरेत निमुळते होणारे पाय हीच तर व्हिक्टोरियन फर्निचरची ओळख आहे. झोपाळ्याचा पाय आणि त्या काळच्या खुर्चीचा पाय शेजारी ठेवून पाहिले तर ते एकाच घराण्यातले वाटतात. त्याचा मरून रंग गडद हिरव्या भिंतीसमोर जितका खुलेल तितका दुसरा कोणताही सोफा खुलणार नाही.

याहून महत्त्वाचे असे की त्या घरांत शेकोटी ही खोलीचा केंद्रबिंदू असे आणि सगळी बैठक तिच्याकडे तोंड करून मांडलेली असे. आपल्याकडे काहीजण खोटी शेकोटी बांधून घेतात; मला ते कधीच पटले नाही, कारण तिच्याभोवती कोणी बसत नाही. आपल्या घरात संध्याकाळी सगळे जिथे जमतात ती जागा सासूबाईंच्या झोपाळ्याची असणार. म्हणून तो हॉलच्या आतल्या टोकाला, आखूड भिंतीपुढे मांडावा, पुढे-मागे झोका जाईल एवढे अंतर प्रत्यक्ष झुलवून मोजावे, आणि सोफा व खुर्च्या त्याच्याकडे वळवाव्यात. खिडकीच्या उन्हात तो ठेवू नये. लाख उष्णतेने मऊ पडते आणि रंगही उडतो. सासूबाईंना विचारून कड्यांचे पितळ तेवढे घासून घ्यावे. लाकडाला पॉलिश मारू नये, त्यावर मऊ कोरडे फडके पुरते.

सात जणांच्या सोफ्याऐवजी तीन जणांचा सरळ, आधुनिक बांध्याचा सोफा आणि उंच पाठीच्या दोन खुर्च्या घ्याव्यात. बटणांच्या खळग्यांत धूळ बसते, ती दर आठवड्याला कोणीतरी काढावी लागते. हौस असेल तर एका खुर्चीला बटणे घ्यावीत. मखमलही त्या एका खुर्चीपुरतीच ठेवावी, सोफ्याला जाड सुती कापड. उशांना आणि पडद्यांना कोयरीची छपाई जरूर वापरावी. काश्मिरी शालींवरची हीच कोयरी स्कॉटलंडमधील पेस्ली गावच्या मागांवर विणली गेली आणि त्या गावाच्या नावाने जगभर गेली. 1851 साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कापडाचे दालन होते आणि तिथल्या नक्षीकारांनी त्याचे मनापासून कौतुक केले होते. तेव्हा हाताच्या ठशांची छपाई या खोलीत आणणे म्हणजे शैली मोडणे, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य नाही.

फरशी उखडू नये. 6 बाय 9 फुटांचा एक गालिचा असा घालावा की सोफ्याचे आणि खुर्च्यांचे पुढचे पाय त्यावर येतील. पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीवर न लावता छताच्या जवळ लावावा आणि पडदे जमिनीपर्यंत सोडावेत. भिंतीवर घरातले जुने फोटो एकसारख्या गडद चौकटींत मांडावेत. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्यातील एखादे जुने चित्र माळ्यावर असेल तर ते नक्की काढा. सयाजीराव महाराजांसाठी रविवर्म्याने 14 पौराणिक चित्रे काढली होती, त्यामुळे बडोद्याच्या घरात त्याचे चित्र उपरे वाटत नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा: पहिले ओलीचे आणि गिलाव्याचे, नंतर विजेच्या तारांचे, मग मोल्डिंग, मग रंग, आणि सोफा सर्वांत शेवटी. इलेक्ट्रिशियनला भिंतीवरच्या दिव्यांच्या जागा मोल्डिंग लावण्याच्या आधी दाखवल्या नाहीत, तर नव्या चौकटी पुन्हा फोडाव्या लागतात. एकदम सगळा खर्च झेपत नसेल तर भिंती आणि दिवे या वर्षी करावेत आणि झोपाळ्यासमोर सध्याचाच सोफा ठेवावा. तेवढ्यानेही खोली बदललेली दिसेल.

मोठी खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि झोपाळा छताच्या कड्यांवर टांगायचा आहे की त्याची स्वतःची घोडी, म्हणजे उभा सांगाडा आहे, एवढे कळवावे. छताच्या कड्या नव्याने बसवायच्या असतील तर त्या स्लॅबमध्ये कुठे घ्याव्यात हे इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय कोणालाही छिद्र पाडू देऊ नका.